मावशीचे ३२ महिने: पैसे होते, सही नव्हती

हे प्रकरण आमच्याच घरातलं आहे. मावशी, म्हणजे आईची मोठी बहीण, फेब्रुवारी २०२३ मध्ये पॅरालिसिसने पडली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये गेली, मधल्या ३२ महिन्यांच्या खर्चाची वही माझ्याकडे होती कारण मी सांगलीतच राहतो आणि माझं कामच अकाउंट्सचं आहे. तिच्या मुलांना, म्हणजे दादाला आणि ताईला विचारूनच लिहितोय, नावं दिलेली नाहीत, आकडे वहीतले आहेत. लिहायचं कारण एवढंच की आम्हाला पैसे कमी पडले नव्हते, होते ते पैसे अडकले, आणि ते अडकले म्हणून ताईची नोकरी गेली. हे टाळता येत होतं हे मला आता कळतंय, तेव्हा कळलं नाही.

आधी मावशीची परिस्थिती सांगतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, २००५ ला रिटायर. काका २०१४ ला गेले. विश्रामबागला स्वतःचं घर, खाली दोन खोल्या आणि किचन, वर एक खोली. पेन्शन २७ हजार. पोस्टात सीनियर सिटिझन स्कीममध्ये १५ लाख, २०२१ ला ठेवलेले, तेव्हा मर्यादा १५ लाखच होती (एप्रिल २०२३ पासून ती ३० लाख झाली), व्याजदर ७.४ टक्के म्हणजे दर तिमाहीला २७,७५० रुपये खात्यात. बँकेत चार एफडी मिळून ११ लाख. ५ लाखांचा मेडिक्लेम, एकही हप्ता न चुकलेला. कर्ज नाही, कुणाचं देणं नाही. कुणीही म्हणालं असतं की बाईंनी म्हातारपणाची व्यवस्था चोख करून ठेवलीय. मीच म्हणायचो. व्याजावर टॅक्स कापू नये म्हणून द्यायचा तिचा १५-एच फॉर्म दरवर्षी मीच भरून द्यायचो, त्यामुळे प्रत्येक एफडीची पावती माझ्या हाताखालून गेलेली. प्रत्येक पावतीवर एकच नाव, तिचं, आणि नॉमिनी दादा. पेन्शनचं खातंही एकटीच्या नावावर. एटीएम कार्ड तिने कधी घेतलंच नाही, पासबुक आणि स्लिप घेऊन स्वतः बँकेत जायची, तिला ते आवडायचं, तिथे जुने विद्यार्थी भेटायचे.

दादा १५ वर्षांपासून जर्मनीत, स्टुटगार्टला. ताई पुण्यात, लग्न केलेलं नाही, एका खाजगी कंपनीत ३४ हजार पगारावर, वय तेव्हा ५१.

मावशी पडली ती सकाळी अंगणात, पूजेची फुलं काढताना. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. सांगलीकरांना मोठं दुखणं म्हटलं की मिरज, तसं आम्हीही मिरजेला नेलं. ११ दिवस ठेवलं, बिल ३ लाख ४२ हजार, मेडिक्लेममधून २ लाख ९६ हजार पास झाले, वरचे ४६ हजार आम्ही भरले. डिस्चार्जच्या दिवशी सगळे नातेवाईक म्हणत होते की मोठ्या खर्चातून सुटलात. मलाही तसंच वाटलं होतं. खरं तर तो सगळ्यात लहान खर्च होता, आणि एकदाच होणारा होता.

घरी आणल्यावर पहिल्या पूर्ण महिन्याचा हिशोब असा. आजाऱ्याला सांभाळायला बायका पुरवणाऱ्या ब्युरोतून दिवसाची बाई, १२ तास, रोजचे ६५० म्हणजे महिन्याला १९,५००. फिजिओ घरी येऊन ४०० रुपये, रविवार सोडून २६ दिवस, १०,४००. औषधं ४,८००. डायपर ४,५००. अंडरपॅड, ग्लोव्हज, वाइप्स, पावडर असलं किरकोळ २,५००. खाली-वर होणारा बेड भाड्याने २,०००. एकूण ४३,७००. यात ब्युरोची नोंदणी फी नाही, एअर बेड विकत घेतला ते नाही, बाथरूमला धरायला दांडे बसवले ते नाही. आणि या ६५० मधले बाईच्या हातात ४५० पडायचे, हे तिनेच एकदा चहा पिताना सांगितलं, ती कवलापूरहून वडापने यायची. बेडचंही सांगतो, नऊ महिने भाडं भरलं म्हणजे १८ हजार गेले, शेवटी चांगला सेकंडहँड बेड १४ हजारात मिळाला. सुरुवातीला सगळ्यांना वाटतं की दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे, म्हणून भाड्याने घेतात.

४३,७०० समोर मावशीची स्वतःची आवक बघा. पेन्शन २७,००० आणि पोस्टाचं व्याज महिन्याला धरलं तर ९,२५०, मिळून ३६,२५०. तूट फक्त ७,४५०. आणि ही तूट भरायला ११ लाखांच्या एफडी. म्हणजे कागदावर प्रश्नच नव्हता. पण कागदावरचे पैसे आणायला जी सही लागते ती उजव्या हाताबरोबर गेली होती.

मेडिक्लेमचं आधी संपवतो. हॉस्पिटलमधून सुटल्यावरचे ६० दिवस पॉलिसीत बसत होते, त्यात औषधं आणि डॉक्टरने लिहून दिलेला फिजिओ असे काही हजार मिळाले. बाईचे पैसे मात्र शून्य. मी तेव्हा पॉलिसी पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. त्यात न मिळणाऱ्या गोष्टींच्या यादीत पाच नंबरचं कलम आहे, रेस्ट क्युअर, रिहॅबिलिटेशन आणि रेस्पाइट केअर. ते काय म्हणतं तर आंघोळ घालणं, कपडे बदलणं, हालवणं-फिरवणं यासाठी घरी किंवा नर्सिंग होममध्ये नर्स ठेवा, आया ठेवा, काहीही ठेवा, त्याचा खर्च मिळणार नाही. हे शब्द आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकानेच ठरवून दिलेले आहेत, त्यामुळे कंपनी बदलून फरक पडत नाही. आपल्याकडे मेडिक्लेम म्हणजे म्हातारपणाची सोय असं धरून चालतात ना, तो आजाराचा विमा आहे, सांभाळण्याचा नाही. एवढं एक वाक्य कुणी मला २०१० मध्ये सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आता बँक. मार्चमध्ये पेन्शन जमा झाली, ताई पासबुक घेऊन गेली, काउंटरवर सांगितलं की खातेदार आले पाहिजेत. मग सांगितलं मुखत्यारपत्र करून आणा. मग सांगितलं की मॅनेजर बदलून जातायत, नवीन आल्यावर या. यात सात आठवडे गेले आणि तेवढे दिवस सगळा खर्च दादाने पाठवलेल्या पैशांतून, ताईच्या सेव्हिंगमधून आणि थोडा आमच्या घरातून झाला. शेवटी माझ्या ओळखीतल्या एका रिटायर्ड बँकवाल्यांनी सांगितलं की अरे, रिझर्व्ह बँकेची सूचनाच आहे, आजारी किंवा अपंग खातेदाराला सही येत नसेल तर अंगठा चालतो, हाताचा नाही तर पायाचाही, फक्त बँकेला माहीत असलेले दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा अधिकारी पाहिजे. हे लेखी अर्जात घालून डॉक्टरांच्या सर्टिफिकेटसह दिलं आणि मे महिन्यात अधिकारी घरी आले. चांगले होते ते गृहस्थ.

तो दिवस मला कायम आठवणार आहे. त्यांनी शाईचं पॅड काढलं तसं मावशीने डावा हात पुढे केला पण अंगठ्यासाठी नाही, पेनासाठी. त्यांच्या खिशातल्या पेनाकडे बघत होती. त्यांनी दिलं. तिने डाव्या हातात पेन धरून कागदावर टेकवलं आणि किती वेळ, दोन-तीन मिनिटं तरी, एकच अक्षर काढायचा प्रयत्न केला, शेवटी एक वाकडी रेघ आली आणि ती थांबली. साहेबांनी घाई केली नाही. मग अंगठा घेतला. ते गेल्यावर ती अंगठ्याकडे बघत बसली होती, ताईने खोबरेल तेल लावून शाई पुसली. वर्षानुवर्षं पोरांचे हात धरून पाटीवर अ आ गिरवून घेतलेली बाई. ताई किचनमध्ये जाऊन रडली.

पण पेन्शनचं खातं चालू झालं. त्याच पद्धतीने एक २ लाखांची एफडी मोडली, त्यातून लोकांचे घेतलेले परत केले आणि दवाखान्याची तूट भागवली. आणि इथे आमची खरी चूक झाली.

मे २०२३ ते जुलै २०२४, हे १४ महिने मावशीला सगळं समजत होतं. बोलता येत नव्हतं पण मान हलवून हो-नाही सांगायची, कोण आलं कोण गेलं कळायचं, बाईने साखर जास्त घातली तर चमचा बाजूला सारायची. या काळात बाकीच्या एफडी मोडून पैसे वापरता आले असते, किंवा नव्याने ठेवताना ताईचं नाव जोडून आयदर ऑर सर्व्हायव्हर, म्हणजे दोघींपैकी कुणाही एकीच्या सहीवर चालणाऱ्या, करता आल्या असत्या. अधिकारी घरी यायला तयार होते. आम्ही काहीच केलं नाही. एक तर एफडी मोडायची नाही हे आपल्या हाडात आहे, मुदतीआधी मोडली तर एक टक्का जातो, राहू दे अडीअडचणीला असं आई म्हणाली, मी म्हणालो, सगळेच म्हणाले. अडीअडचण समोर पलंगावर होती. दुसरं म्हणजे ताईला स्वतःचं नाव लावायचा विषय काढायचा संकोच, दादाला काय वाटेल, आणि दादाला तिकडे वाटायचं की आपण लांब आहोत, पैशाचं आपण विचारलं तर ताईला वाटेल हिशोब मागतोय. दोघांनीही हे मला नंतर वेगवेगळं सांगितलं. मला दोन्हीकडचं माहीत होतं आणि कागदपत्रंही माहीत होती, बोलायला सगळ्यात मोकळा मीच होतो आणि मी बोललो नाही. दुसऱ्याच्या घरातला पैशाचा विषय, असं वाटलं. मावशी काय दुसरी होती का.

तोपर्यंत ताईचं काय झालं ते सांगतो. ती १५ दिवसांची रजा घेऊन आली होती. दिवसा बाई होती, प्रश्न रात्रीचा होता. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात, डायपर बघायचा, पाणी पाजायचं. रात्रीची बाई ठेवायची तर अजून १९,५००. पहिल्या तीन महिन्यांत हातात रोख नव्हती, पेन्शन अडकलेली, त्यामुळे रात्रीची बाई नको, मी बघते, असं ताई म्हणाली. रजा संपली, मग बिनपगारी रजा, मग कंपनीने विचारलं येताय की नाही. जून २०२३ मध्ये तिने राजीनामा दिला. तेव्हा कुणालाच तो निर्णय वाटला नाही, ते आपोआप झाल्यासारखं झालं. लग्न न केलेली मुलगी, ती नाही तर कोण, असं उघड कुणी बोललं नाही पण सगळ्यांनी धरून चाललं, मीसुद्धा.

जुलै २०२४ मध्ये दुसरा झटका आला. गिळणं बंद झालं, नाकातून राईल्स ट्यूब घातली, ती शेवटपर्यंत राहिली. आणि समज गेली. डोळे उघडे असायचे पण नजर ओळखीची नव्हती. पुन्हा हॉस्पिटल, पुन्हा मेडिक्लेमने बराचसा भाग दिला, पुन्हा घरी. आता खर्चाचं रूप बदललं. २४ तासांची बाई रोजचे १,००० म्हणजे ३० हजार, वर तिचं जेवणखाण. डायपर ५,५००. औषधं ६,०००. पाठीला जखम झालीच, दिवसाआड ड्रेसिंगला सिस्टर, ४,५००. नळीतून द्यायच्या फीडची पावडर ३,०००. किरकोळ २,०००. एकूण ५१ हजार. पेन्शन महागाई भत्त्याने वाढून २९ हजार झाली होती, व्याज धरून ३८,२५०. तूट १२,७५०. दादाने तेव्हापासून दर महिन्याला १५ हजार पाठवायला सुरुवात केली, त्यात भागायचं. २४ तासांची बाई असली तरी कूस बदलायला आणि चादर बदलायला दोन माणसं लागतात, एकीने धरायचं आणि दुसरीने सरकवायचं, आणि बाई रात्री झोपणार की नाही, माणूसच आहे ती, त्यामुळे ताईची सुटका झाली नाही.

आता उरलेल्या ९ लाखांच्या एफडीकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. अधिकारी पुन्हा घरी आले, मावशीला हाक मारली, दोनदा विचारलं, आणि बाहेर येऊन म्हणाले, साहेब, त्यांना कळत नाहीये, मी अंगठा घेऊ शकत नाही. त्यांचं बरोबरच होतं. उद्या कुणीही कुणाच्याही बेशुद्ध आईचा अंगठा घेईल. मुखत्यारपत्राचं वकिलांना विचारलं. ते म्हणाले आता करताच येणार नाही, आणि आधी केलेलं असतं तरी उपयोग झाला नसता, कारण १८७२ च्या कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या कलम २०१ प्रमाणे ज्याने अधिकार दिला त्याची समज गेली की तो अधिकारच संपतो. हे मला माहीत नव्हतं, आणि मी अकाउंट्समध्ये २० वर्षं काढलीयत. किती घरांमध्ये लोक आईवडिलांचं मुखत्यारपत्र करून कपाटात ठेवतात आणि निश्चिंत होतात. ज्या दिवशी गरज पडते त्याच दिवशी ते मुखत्यारपत्र निकामी होतं.

मग राहिला मार्ग हायकोर्टातून पालक नेमून घ्यायचा. तेव्हा सांगली जिल्ह्याला मुंबईच गाठावी लागायची. वकिलाची फी, मेडिकल बोर्डाची तपासणी, तारखा, हे ऐकून ताई म्हणाली, मी मुंबईला जाऊ की हिची पाठ बघू. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, तेव्हा परत विषय निघाला होता, पण तोवर मावशीचे फार दिवस राहिले नाहीत हे डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं.

घराचंही बघितलं. रिव्हर्स मॉर्गेज नावाची सोय आपल्याकडे २००७ पासून आहे, म्हातारं माणूस आपल्याच घरात राहतं आणि घरावर बँक दर महिन्याला पैसे देते, पण अर्जावर सही घरमालकाचीच. ताईने पुण्याच्या बाहेर एक वृद्धाश्रमही बघून ठेवला होता, अंथरुणावरच्या माणसाला २८ हजार महिना, डायपर आणि औषधं वेगळी, २ लाख डिपॉझिट, आणि दवाखान्यात ठेवायची वेळ आली तर सोबत घरच्यांनी राहायचं. हिशोब घरच्या एवढाच जातो. आणि मावशीला कुठे राहायचंय हे तिला विचारता येत होतं तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.

टॅक्सचा काही आधार मिळेल म्हणून बघितलं. आयकराच्या ८०-डीडीबी कलमामध्ये वाचा जाणं, डिमेन्शिया वगैरे बसतं, ज्येष्ठांसाठी एक लाखापर्यंत वजावट, पण ती जुन्या करपद्धतीत आणि भारतात राहणाऱ्यालाच, म्हणजे दादाला नाही, ताईला उत्पन्नच नाही, आणि मावशीला तसाही टॅक्स बसत नव्हता. विषय संपला.

दादा एकदा फोनवर म्हणाला ते सांगितलंच पाहिजे. जर्मनीत १९९५ पासून सांभाळणुकीचा वेगळा विमा सक्तीचा आहे, आजारपणाचा वेगळा आणि हा वेगळा, पगारातूनच कापतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर्जा ठरवून दर महिन्याला मदत मिळते, आणि घरच्याच कुणी सांभाळलं तर बाईऐवजी रोख पैसे घेता येतात. एवढंच नाही, सांभाळणारीने नोकरी कमी केली किंवा सोडली तर ठराविक अटींवर तिच्या पेन्शनचे हप्ते तो विमा भरतो. दादा म्हणाला, मी दर महिन्याला इथल्या म्हाताऱ्यांसाठी हप्ता भरतो आणि माझी बहीण तिथे फुकट राबतेय. तो फोनवर बराच वेळ गप्प होता. आपल्याकडे हे उद्या येईल असं मी म्हणत नाही, पण निदान तिथे सरकारने मान्य केलंय की मुलीने आईला सांभाळणं हे काम आहे आणि त्याची किंमत होते.

मावशी दिवाळीच्या आधी गेली. दादा आला होता, दिवसकार्य झाल्यावर तीन आठवडे राहिला. मृत्यूचा दाखला, नॉमिनीचे कागद, दोन फॉर्म. त्या ९ लाखांच्या एफडी व्याजासकट दहा लाखांच्या वर गेल्या होत्या, ते सगळे पैसे तीन आठवड्यांत खात्यात आले. पोस्टाचे कागद दिलेत. ज्या पैशांसाठी आम्ही १५ महिने बँकेच्या पायऱ्या झिजवल्या, ती जिवंत असताना जे तिच्या पाठीच्या जखमेला, तिच्या रात्रीच्या बाईला उपयोगी पडले असते, ते ती गेल्यावर एका दाखल्यावर निघाले. मी बँकेतून बाहेर आलो आणि गाडीला किल्ली लावून तसाच उभा राहिलो.

पूर्ण हिशोब मांडला तर घरचा खर्च ३२ महिन्यांत १४ लाख २९ हजार, दवाखाना वेगळा. मावशीच्या पेन्शन-व्याजातून जवळपास १२ लाख आले. म्हणजे तिने स्वतःचं म्हातारपण बहुतेक स्वतःच निभावलं. आता ताईचा हिशोब. जून २०२३ ते सप्टेंबर २०२५, २८ महिने, ३४ हजारांनी ९ लाख ५२ हजार, पगारवाढ न धरता, पीएफ न धरता. आणि रात्रीची बाई तेवढेच २८ महिने ठेवली असती तर १९,५०० नी ५ लाख ४६ हजार. एफडी ११ लाखांच्या होत्या. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले तेव्हा मला वही मिटावीशी वाटली. ताई म्हणते, मी तरी आलेच असते रे, आईला बाईवर टाकलं नसतं. आलीही असती, पण कदाचित सहा महिन्यांची रजा काढून, शनिवार-रविवार करून, नोकरी राखून. निदान तिला ठरवता आलं असतं. आज ती ५४ वर्षांची आहे आणि पुण्यात तिच्या जागी दुसरं कुणी बसलंय.

आमच्या घरी मात्र यावेळी गप्प बसायचं नाही असं ठरवलं. बाबा ७५, आई ७२. भाऊबीजेनंतर दोघांना घेऊन बसलो, बहिणीलाही बोलावलं होतं. आईने आधी फराळाचे डबे आवरायचं निमित्त केलं, मग बसली. सेव्हिंग खाती आणि एफडी माझं किंवा बहिणीचं नाव जोडून आयदर ऑर सर्व्हायव्हर करून घेतल्या, मुदतीआधी मोडायची सूचनाही फॉर्मवरच दिली. सीनियर सिटिझन स्कीममध्ये जोडीदाराशिवाय कुणाचं नाव लागत नाही, म्हणून तिथे सगळं कोंबायचं नाही असं ठरलं, जेवढ्याचं व्याज लागतं तेवढंच, आणि व्याज जाणार ते खातं जॉइंट. सध्याचा ८.२ टक्के दर आहे, ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० येतात, मोह होतो, पण मुद्दल अडकलं की काय होतं ते बघितलंय. नोव्हेंबर २०२५ पासून बँकेत चार नॉमिनी आणि त्यांचे टक्के देता येतात, ते दिले. ७० च्या वरच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड दोघांचं काढलं, ऑक्टोबर २०२४ पासून आहे ते, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला दोघांत मिळून ५ लाख, पण तेही हॉस्पिटलपुरतंच हे मी बाबांना दोनदा सांगितलं.

सांभाळणुकीचा आकडाही काढला. आजचे ५० हजार धरले, पाच वर्षं धरली, तर ३० लाख. बाबांची पेन्शन २५ हजार त्यातून वजा केली तर निम्मी तूट, १५ लाख. हे दोघांपैकी एकाचं. आणि दहा वर्षांनी वेळ आली, महागाई सहा टक्क्यांनी धरली, तर ५० चे ९० हजार होतात. बाबा म्हणाले एवढे कुठून आणायचे. गावाकडची १२ गुंठे जमीन आहे, ती कधी आणि कुणाच्या सहीने विकायची ते पहिल्यांदाच मोकळेपणाने बोललो, मृत्युपत्रही लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेणार आहोत. आणि सांभाळणारं घरचं माणूस असेल, मी असो, माझी बायको असो, बहीण असो, तर त्याला दर महिन्याला आईबाबांच्या खात्यातून ठरलेली रक्कम जाईल, बाईला देतो तशीच, हे बहिणीने सुचवलं आणि बाबांनी त्यांच्या अक्षरात लिहून ठेवलं.

आई शेवटी एवढंच बोलली, अक्काला नळी घातली तशी मला घालू नका. १५ महिने रोज दुपारी ती बहिणीच्या नाकातल्या नळीतून पेज जाताना बघत होती. २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने असं आधीच लिहून ठेवता येतं, जानेवारी २०२३ पासून ते सोपं झालंय, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. तिचा कागद पुढच्या आठवड्यात करतोय.

ताई-दादाचं अजून संपलेलं नाही. नॉमिनी दादा असला तरी पैसे दोघांचे, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगा-मुलगी सारखे, आणि मृत्युपत्र नाही. दादाचं म्हणणं असं की आधी ताईचे ९ लाख ५२ हजार बाजूला काढायचे, तो खर्च आहे, वाटा नाही, आणि मग उरलेले निम्मे. ताई ऐकत नाहीये, आईचं केलं त्याचे पैसे घेऊ का म्हणते. मी तिला म्हटलं ताई, ब्युरोच्या बाईने पैसे घेतले म्हणून तिने केलेलं कमी झालं का. यावर ती काही बोलली नाही. दादा जानेवारीत परत येतोय, तेव्हा तिघं बसणार आहोत, वही घेऊन.